अमोर्गोस बेटाचे कातापोला बंदर : फेरीने आणि शिडाच्या नौकेने येणाऱ्यांसाठी तिथे कोणत्या सोयी आहेत?

वाटसरू

येत्या सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही ग्रीसला जात आहोत. आम्ही दोघे, ९ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई असे चौघे जण अथेन्सहून फेरीबोटीने अमोर्गोसला जाऊ आणि कातापोला या बंदराच्या गावीच चार रात्री राहू, असे ठरते आहे. माझे धाकटे दीर दोन मित्रांबरोबर जवळच्या पारोस बेटावरून भाड्याची शिडाची नौका घेऊन तिथे येतील आणि आम्हाला भेटतील. या बेटाचे किनारे, कड्यावरचा पांढरा मठ आणि सूर्यास्त यांची छायाचित्रे हवी तितकी सापडतात, पण मला हवी असलेली माहिती कोणी लिहीत नाही. अपरात्री बोटीतून उतरल्यावर धक्क्यावर काय असते, स्वच्छतागृह, एटीएम, औषधांचे दुकान आणि डॉक्टर किती लांब आहेत, आणि वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर नेमके काय करायचे, एवढे समजले तरी माझी निम्मी काळजी मिटेल. सासूबाईंचे गुडघे दुखतात; सपाटीवर त्या व्यवस्थित चालतात, जिन्याला मात्र कठडा लागतो. त्या पूर्ण शाकाहारी आहेत. दिरांचे प्रश्न वेगळे आहेत: नौका कुठे लावायची, पाणी आणि डिझेल कसे मिळते, बंदराच्या कचेरीत काय दाखवावे लागते. ज्यांनी हे बंदर किंवा अशीच लहान ग्रीक बंदरे वापरली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अथेन्सवासी

सर्वांत आधी तिकीट काढताना बंदराचे नाव नीट पाहावे. अमोर्गोसला बंदरे दोन आहेत: बेटाच्या नैर्ऋत्य अर्ध्या भागात कातापोला आणि ईशान्य टोकाकडे एगियाली. काही बोटी दोन्हीकडे थांबतात, काही एकाच ठिकाणी, आणि तिकिटाच्या संकेतस्थळावर घाईत नजर फिरवणाऱ्या माणसाला दोन्ही नावांआधी ‘अमोर्गोस’ एवढेच दिसते. आमच्या ओळखीचे एक कुटुंब रात्री दोन वाजता एगियालीला उतरले आणि त्यांची खोली होती कातापोल्यात. मधला रस्ता वीसेक किलोमीटरांचा, डोंगरातून वळणे घेत जाणारा आहे, आणि त्या वेळी बस नसते. खोली देणाऱ्या आजीबाईंनी झोपेतून उठून भाच्याला गाडी घेऊन पाठवले म्हणून निभावले.

बेटावर विमानतळ नाही, त्यामुळे सगळी मदार बोटीवर. अथेन्सच्या विमानतळावरून पिरेयस बंदरापर्यंत एक्स ९६ क्रमांकाची बस रात्रंदिवस धावते, आणि ऑक्टोबर २०२२ पासून मेट्रोची ३ क्रमांकाची मार्गिकाही थेट पिरेयसपर्यंत जाते. पिरेयस बंदर अवाढव्य आहे. तिकिटावर प्रवेशद्वाराचा क्रमांक लिहिलेला असतो तो पाहूनच उतरावे, कारण एका दारापासून दुसऱ्यापर्यंत सामान ओढत जाणे तुमच्या सासूबाईंना झेपणार नाही.

मोठ्या फेरीत शिरताना मालमोटारींच्या तळमजल्यातूनच आत जावे लागते. तिथे सामानाचे कप्पे असतात आणि त्यांवर बेटांची नावे लिहिलेली असतात. आपल्या बेटाच्या कप्प्यात जड बॅगा ठेवून, औषधे आणि पारपत्रे असलेली पिशवी तेवढी वर न्यावी. मोठ्या बोटींत वर जायला सरकता जिना किंवा लिफ्ट असते; गुडघ्याचे दुखणे आहे असे दारावरच्या कर्मचाऱ्यांना सांगितले की ते लिफ्टकडे नेतात. स्वच्छतागृहाचे म्हणाल तर धक्क्यावर भरवसा ठेवू नये. बोट लागण्याच्या अर्धा तास आधी बोटीवरच उरकून घ्यावे. आणि एक गोष्ट, जी पाहुण्यांना कोणी आधी सांगत नाही: इथल्या सांडपाण्याच्या नळ्या अरुंद असल्यामुळे कागद शौचकूपात टाकत नाहीत, शेजारच्या डब्यात टाकतात. मुलीला हे आधीच सांगून ठेवावे.

जुना खलाशी

माझी पस्तीस वर्षे मालवाहू जहाजांवर गेली. पिरेयसला अनेकदा लागलो आणि निवृत्तीनंतर पत्नीबरोबर ही बेटे प्रवासी म्हणून पाहिली. कातापोल्यात बोट लागताना कशी लागते ते समजून घेतले तर तुमची धांदल होणार नाही.

बोट धक्क्याला कुशीने लागत नाही. ती आखातात शिरते, जागच्या जागी वळते, नांगर सोडते आणि पिछाडीने धक्क्याकडे सरकू लागते. धक्का अजून बराच लांब असतानाच मागचा भला थोरला रॅम्प खाली यायला लागतो, साखळ्या कुरकुरतात, पाण्याला फेस येतो, आणि रॅम्पची कड काँक्रीटला टेकताच कर्मचारी हातवारे करून माणसांना बाहेर काढू लागतात. माणसे, मोटारसायकली आणि मालमोटारी एकाच तोंडातून जातात. सगळा थांबा काही मिनिटांचा. म्हणून घोषणा झाली की लगेच तळमजल्यावर उतरून सामानाजवळ उभे राहायचे; ‘गर्दी ओसरू द्या, मग उतरू’ ही आपली सवय इथे महागात पडते, कारण गर्दी ओसरते तेव्हा रॅम्पही उचलला जात असतो. रॅम्पवर आडव्या पट्ट्या असतात आणि लोखंड ओले असते. सासूबाईंचा हात धरून कडेने चालावे आणि चाकांची बॅग कोणा दुसऱ्याकडे द्यावी.

ही सोयसुद्धा जुनी नव्हे. पूर्वी ग्रीसच्या अनेक लहान बेटांवर जहाज लांब उभे राही आणि लहान होड्या माणसे, बकऱ्या, पत्रांच्या थैल्या किनाऱ्यावर आणत. मुंबई-पणजी बोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. देवगड-विजयदुर्गाला पडावात उतरताना माझ्या आजीने देवाचे नाव घेतलेले मी ऐकलेले आहे.

अथेन्सवासी

खलाशीकाकांनी लिहिलेल्या त्या काही मिनिटांवरच त्या गावातल्या सगळ्या सेवा उभ्या आहेत, हे पुण्यामुंबईहून येणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही. बेटाची वस्ती सुमारे दोन हजार. बोट यायच्या आधी अर्धा तास तिकिटांची कचेरी उघडते, खोल्यांचे मालक नावाच्या पाट्या घेऊन उभे राहतात, बस येऊन थांबते, आणि बोट गेली की दहा मिनिटांत धक्का रिकामा होतो. तेव्हा ‘अमुक सेवा किती वाजेपर्यंत असते’ असे विचारण्यापेक्षा ‘बोट किती वाजता येते’ असे विचारावे. अपरात्री पोचणार असाल तर खोलीवाल्यांना बोटीचे नाव आणि वेळ आधी कळवावी. ते स्वतः धक्क्यावर येतात, सामानही गाडीत घालतात. टॅक्सी थोड्या आहेत, म्हणून उतरून शोधू असे म्हणू नये.

गावात किराणा दुकाने, बेकरी, एटीएम आणि खानावळी धक्क्यापासून चालत पाच-दहा मिनिटांच्या आत आहेत, तीही सपाटीवर. एटीएम बंद पडले किंवा त्यातले पैसे संपले तर दुसरे शोधायला डोंगर चढावा लागेल, तेव्हा थोडे रोख युरो अथेन्सहूनच घेऊन यावेत. औषधांची दुकाने हिरव्या क्रॉसवरून ओळखू येतात आणि दुपारी बंद असतात. सासूबाईंच्या नेहमीच्या गोळ्या मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्त पुरतील एवढ्या बरोबर ठेवाव्यात. बेटावर इस्पितळ नाही, आरोग्य केंद्र आहे आणि ते वर खोरा या मुख्य गावात आहे, बंदरापासून पाच-सहा किलोमीटरांवर. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने किंवा बोटीने मोठ्या बेटावर नाहीतर अथेन्सला हलवतात. रुग्णवाहिकेसाठी १६६, तटरक्षक दलासाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक मोबाइलमध्ये घालून ठेवावेत.

डोंगरवाट

वरील माहिती मोलाची आहे, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. आम्ही मुक्काम खोरा गावात केला आणि आम्हाला तेच बरे वाटले. बंदरात बोटींचा आवाज, मालमोटारींचा धूर आणि रात्रीची वर्दळ असते. वर वारा, शांतता आणि जुन्या गल्ल्या आहेत. बस खोरा आणि कातापोला यांच्यात नियमित धावते. शिवाय कड्यावरचा तो पांढरा मठ, खोझोविओतिसाचा, तिथून जवळ पडतो.

अथेन्सवासी

खोरा सुंदर आहे हे मान्य, पण तिथल्या गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत आणि गाडी गावाच्या कडेलाच थांबते. मठाच्या पायऱ्या तर तीनशेच्या आसपास आहेत. ज्यांना कठड्याशिवाय जिना चढता येत नाही त्यांनी धक्क्यालगतच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कातापोल्याच्या आखाताभोवती तीन वस्त्या आहेत: धक्क्याजवळची कातापोला, मधली रखिदी आणि समोरच्या काठावरची क्सिलोकेरातिदी. वर्दळ नको असेल तर समोरच्या काठावर खोली घ्यावी. पाण्याच्या कडेकडेने सपाट रस्ता आहे आणि संध्याकाळी वृद्ध माणसांना फिरायला त्याहून चांगली जागा बेटावर नाही.

गलबत

आता नौकेबद्दल. मी इजियन समुद्रात चार वेळा भाड्याची नौका चालवली आहे आणि कातापोल्यात दोनदा राहिलो आहे, त्यामुळे तुमच्या दिरांसाठी जरा विस्ताराने लिहितो.

कागदपत्रे पारोसलाच पुरी होतात. ग्रीसमध्ये विनाकप्तान नौका भाड्याने घेताना एकाकडे नौकानयनाचा मान्य परवाना लागतो, आणि दुसऱ्या एका अनुभवी माणसाचे नावही द्यावे लागते. २०१९ पासून सात मीटरांहून लांब खासगी व भाड्याच्या नौकांना समुद्रपर्यटनाचा एक कर आहे. भाड्याच्या नौकेचा तो कर सहसा मालक कंपनीच भरते, पण पावती नौकेवर आहे ना, हे ताब्यात घेतानाच पाहावे. बंदर पोलिसांना ‘लिमेनार्हियो’ म्हणतात. त्यांनी बोलावले तर नौकेची कागदपत्रांची फाइल आणि माणसांची यादी घेऊन जावे लागते. रेडिओवर १६ क्रमांकाची वाहिनी चालू ठेवावी; बंदराच्या कचेरीशी बोलायला १२ क्रमांकाची वापरतात.

नौका इथेही पिछाडीनेच लावतात. धक्क्याचा जो भाग फेरीसाठी आहे तो मोकळा सोडायचा. तिथे जागा रिकामी दिसते म्हणून शिरणारा नवखा दर हंगामात असतोच आणि फेरीचा भोंगा ऐकून त्याची तारांबळ उडते. नांगर धक्क्यापासून भरपूर लांब टाकावा, चाळीसेक मीटर साखळी सोडावी, आणि दोर बांधल्यावर इंजिन मागे-पुढे चालवून तो धरला आहे याची खात्री करावी. या आखाताचे तोंड पश्चिमेकडे आहे, तरी उन्हाळी उत्तरेचा वारा, ज्याला मेलतेमी म्हणतात, डोंगरावरून झोताने खाली कोसळतो. पहिल्या खेपेला माझा नांगर संध्याकाळी पाच वाजता पक्का होता आणि सात वाजता नव्हता. शेजारच्या फ्रेंच गृहस्थांनी ओरडून सांगितले तेव्हा आमची पिछाडी धक्क्यापासून हातभर उरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना कळले की आमची साखळी त्यांच्या साखळीखाली गेली होती. अशा वेळी घाई न करता, वरची साखळी एका दोराने उचलून धरायची, आपला नांगर खाली सोडून तिच्याखालून काढायचा आणि मग दोर सोडायचा. चिडून काहीच साधत नाही. तिथे हे रोजचेच आहे. फेरी आली की तिच्या पंख्यांच्या पाण्याने सगळ्या नौका हेलकावतात, म्हणून पिछाडी काँक्रीटला अगदी चिकटवून ठेवू नये आणि धक्क्यावर उतरायची फळी रात्री उचलून ठेवावी.

अशा बंदरांत डिझेलचा पंप धक्क्यावर नसतो. फोन केला की लहान टँकर येतो, पाइप सोडतो, मीटर दाखवतो आणि रोख किंवा कार्डाने पैसे घेतो. पाण्याचे नळ बहुधा कुलपात असतात आणि किल्ली एकाच माणसाकडे असते. तो सकाळी किंवा संध्याकाळी फेरी मारतो. तो दिसला की हातातले काम टाकून त्याला गाठावे. ही बेटे कोरडी आहेत, पाणी जपून वापरतात, तेव्हा नौकेचा डेक गोड्या पाण्याने धुण्याचा मोह टाळावा. तिथल्या म्हाताऱ्यांच्या नजरेत तो गुन्हाच असतो. मैल्याची टाकी बंदरात कधीही उघडू नये. ती किनाऱ्यापासून लांब गेल्यावरच रिकामी करतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परतीची दिशा. पारोसहून अमोर्गोसला येताना मेलतेमी पाठीशी असतो आणि सगळे सोपे वाटते. जाताना तोच वारा तोंडावर घ्यावा लागतो. सप्टेंबरात त्याचा जोर कमी होतो, पण संपत नाही. परतीसाठी एक दिवस जादा धरावा आणि वाटेवरच्या कुफोनिसिया या लहान बेटांवर मुक्काम करून टप्पे पाडावेत. नौका वेळेत परत द्यायची म्हणून सात ब्यूफोर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजायचे माप) वाऱ्यात निघालेले लोक मी पाहिले आहेत; त्यांची सुट्टी तिथेच संपली.

कलमवाली

बोट रद्द होण्याबद्दल लिहिते, कारण हा माझ्या कामाचा विषय आहे. वारा ठरावीक जोराच्या पुढे गेला की बंदर अधिकारी निघण्यावर बंदी घालतात. तिला ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. ही बंदी बोटीच्या आकारावर व प्रकारावर ठरते, त्यामुळे लहान आणि वेगवान बोटी आधी थांबतात, मोठ्या पारंपरिक फेऱ्या नंतर. युरोपीय संघाच्या ११७७/२०१० या नियमानुसार बोट रद्द झाली किंवा निघायला ९० मिनिटांहून अधिक उशीर झाला, तर पुढच्या बोटीने जाणे किंवा तिकिटाचे पैसे परत घेणे यांपैकी निवड प्रवाशाची असते. मात्र कारण हवामानाचे असेल तर हॉटेलचा खर्च आणि उशिराची भरपाई मागता येत नाही. म्हणून भारतात परतण्याचे विमान आणि बेटावरून निघणारी बोट एकाच दिवशी कधीही ठेवू नये. मध्ये अथेन्समध्ये एक पूर्ण दिवस सोडावा.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. शेजारच्या नाक्सोस बेटावरून जाणाऱ्या ‘एक्सप्रेस स्कोपेलितिस’ या लहान बोटीबद्दल कोणी सांगू शकेल का? मुलीला तीच हवी आहे. आणि गेल्या वर्षीच्या भूकंपांच्या बातम्या वाचून सासरे काळजीत आहेत.

अथेन्सवासी

ती बोट इराक्लिया, स्किनुसा, कुफोनिसिया, दोनुसा अशा चिमुकल्या बेटांना नाक्सोस आणि अमोर्गोसशी जोडते. तिचे घर कातापोलाच. सर्वसाधारणपणे ती सकाळी तिथून निघते आणि दुपारनंतर नाक्सोसहून परत फिरते. अशा अनेक मार्गांवर तिकिटाच्या पैशातून खर्च निघत नाही, म्हणून सरकार अनुदान देते आणि त्यांना ‘आगोनी ग्रामी’, म्हणजे नापीक मार्ग, असे नाव आहे. बेटांवरची पावरोटी, गॅसच्या टाक्या आणि शाळेतले शिक्षक यांच्यासाठी तीच वाट असते. बोट लहान असल्यामुळे डोलते आणि आत जिनेच आहेत. सासूबाईंना मोठ्या फेरीने न्यावे. मुलीला हवामान शांत असेल त्या दिवशी तिच्या बाबांबरोबर त्या बोटीने कुफोनिसियाची फेरी घडवावी.

भूकंपांविषयी: जानेवारी २०२५ च्या अखेरपासून फेब्रुवारीत सांतोरिनी आणि अमोर्गोस यांच्या मधल्या समुद्रात हजारो धक्के बसले, शाळा बंद ठेवल्या, पण नंतर ते ओसरले. याच भागात ९ जुलै १९५६ रोजी मोठा भूकंप होऊन सुनामीही आली होती, त्यामुळे काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. किनाऱ्यावर असताना जोराचा धक्का बसला तर सूचनेची वाट न पाहता चढाच्या रस्त्याला लागायचे, एवढे सर्वांना सांगून ठेवावे. संकटाच्या वेळी ११२ यंत्रणेचा संदेश मोबाइलवर मोठ्या आवाजासह येतो.

जेवणासाठी एक ग्रीक शब्द पाठ करावा: ‘निस्तीसिमा’, म्हणजे उपवासाचे. त्यात मांस, अंडी, दूध नसते. पण कोळंबी आणि माकूल चालतात, म्हणून तेवढे विचारून घ्यावे. फावा नावाचा पिवळ्या डाळीचा घट्ट पातळभाजीसारखा पदार्थ जवळपास सर्वत्र मिळतो, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचे तेल. सासूबाई त्याला वरणच म्हणतील.

वाटसरू

परत येऊन आठवडा झाला. पुढच्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते. आम्ही रात्री पावणेदोनला उतरलो. खोलीच्या मालकीणबाई पाटी घेऊन उभ्या होत्या, आणि रॅम्पवर एका खलाशाने न विचारता सासूबाईंचा दंड धरून त्यांना खाली आणले. दिरांच्या हातून पाणीवाला दोनदा निसटला आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बेकरीत पकडले.

परतीच्या आदल्या दिवशी वारा उठला आणि आमची बोट एक दिवस रद्द झाली. तिकीट कचेरीतल्या मुलीने दोन मिनिटांत दुसऱ्या दिवसाचे तिकीट करून दिले, जादा पैसे घेतले नाहीत. खोलीचे भाडे अर्थात आम्हीच दिले. त्या संध्याकाळी किराणा दुकानातल्या टोमॅटोच्या पेट्या रिकाम्या होत्या. दुकानदार खुर्ची बाहेर टाकून समुद्राकडे पाहत बसले होते, आणि टोमॅटो कधी येतील असे विचारल्यावर त्यांनी आखाताच्या तोंडाकडे बोट दाखवले. दुसऱ्या दिवशी रॅम्प टेकला तेव्हा आम्ही चढण्याआधी त्यांची मालमोटार बाहेर आली. फावा सासूबाईंनी चारही दिवस खाल्ला. फक्त मोहरीची फोडणी हवी होती, एवढी एक तक्रार त्यांनी मला इथे लिहायला सांगितली आहे.